जो म्हणेल त्याने बसायचं

ऑर्विल आयझनरला एका वेळी दहा शब्दांच्या वर बोलताना मी फक्त दोनदा ऐकलं. अकरा वर्षं मी त्याचे अहवाल टाइप केले, म्हणून सांगते. हेब कोव्ह या आमच्या मासेमारीच्या गावातल्या लाकडी बोटी तपासणं हे त्याचं काम. हातात एक छोटी हातोडी, कमरेला सुरी, आणि बोट उतारावर ओढून घेतली की तिच्याखाली उताणं पडून फळी न् फळी ठोकत जायचं. संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात यायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि चुरगळलेल्या कागदावरची टिपणं वाचून दाखवायचा. मी ती वाक्यांत बसवायची. तो तपासनीस आणि मी टिपणीस. आमचं आडनाव खरंच तेच, पण ते इथे कुणाच्या तोंडी बसेना. त्यामुळे नवऱ्याला इथल्या शाळेत नोकरी लागली त्या वर्षापासून मी गावाची 'टिप' झाले. ऑर्विल माझ्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी मोठा होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, मनात अरे-तुरे.

अहवालातला शेवटचा रकाना खरा. बोटीची स्थिती काय? तिथे ऑर्विल एकच शब्द लिहू द्यायचा. 'साऊंड'. तो शब्द नसेल तर रकाना रिकामा, आणि रकाना रिकामा म्हणजे विमा नाही, बोट धक्क्यालाच.

सुरुवातीला मी शब्दकोश घेऊन बसले होते. हा एवढासा शब्द झोपेला लावला की गाढ, माराला लावला की सणसणीत, सल्ल्याला लावला की शहाणपणाचा, डोक्याला लावला की ताळ्यावर, माणसाला लावला की भरवशाचा आणि लाकडाला लावला की धड. मी ऑर्विलला म्हटलं, "आमच्याकडे या सगळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत."

"कशाला?" तो म्हणाला. "पाय ठेवला तर टिकेल की नाही, एवढंच विचारायचं असतं."

त्याने मृत्युपत्र केलं तेव्हा तेही माझ्याचकडे आलं टाइप करायला. वकिलाने नेहमीप्रमाणे लिहून दिलं होतं की मी ऑर्विल आयझनर, साऊंड डोक्याने, वगैरे. ऑर्विलने बोट ठेवून तो शब्द खोडायला लावला. "ते लाकूड मी तपासलेलं नाही," म्हणाला. वकील पुढे तीन दिवस माझ्यावर चिडलेला होता.

गावातले बोटमालक मात्र कागदावर विसंबून राहत नसत. ते मला रस्त्यात गाठायचे. "टिप, कसं म्हणाला गं?" कारण ऑर्विल नुसतं 'साऊंड' म्हणाला तर बोट खुशाल पंचवीस मैल बाहेर काढावी. 'साऊंड, वयाच्या मानाने' म्हणाला तर किनाऱ्याच्या आसपास राहावं. आणि खाकरून 'साऊंड' म्हणाला तर बोट ठीक आहे, मालक आळशी आहे. विमावाल्यांना यातलं काही कळत नव्हतं, आणि आम्ही कळू दिलं नाही.

या शब्दाला एक नियम चिकटलेला होता, तोही सांगते. जो म्हणेल त्याने बसायचं. बोट धड आहे असं ज्याने सांगितलं, त्याने तिच्या पहिल्या फेरीला तिच्यावर बसून जायचं. हा नियम ऑर्विलच्या घरातूनच निघाला. त्याचा बापही बोटी तपासायचा. अडतीस साली बापाने एक बोट आतल्या फळ्या न उचकटताच धड म्हणून सोडून दिली, आणि पहिल्याच फेरीत ती दोन माणसांसकट गेली. त्यातला एक ऑर्विलचा थोरला भाऊ क्लॅरेन्स. बातमी आली तेव्हा बाप घरी चहा पीत बसला होता. त्या दिवसानंतर बापाने हातोडीला हात लावला नाही. ऑर्विलने ती उचलली ती या अटीवर. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही तो नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे शेवंडांचे, लॉबस्टरचे, पिंजरे समुद्रात टाकायच्या दिवशी, कुणाच्या ना कुणाच्या बोटीत हात खिशात घालून बसलेला असायचा. एका दिवसात एकच बोट जमायची. बाकीच्यांकडे तो आठवडाभरात फिरून यायचा.

एक्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात डॅरेलच्या बोटीची पाळी आली. डॅरेल कॉर्कम म्हणजे ऑर्विलच्या धाकट्या बहिणीचा, व्हर्नाचा, एकुलता एक मुलगा. ऑर्विलने लग्न केलं नव्हतं. व्हर्ना विधवा झाल्यापासून तो तिच्याच घरी राहायचा, तिच्याच टेबलावर जेवायचा. डॅरेलची बोट 'मर्ना के.' एकतीस वर्षांची होती, आणि विमा कंपनीचं पत्र आलं होतं की वीस वर्षांवरच्या सगळ्या बोटींना नवा कागद लागेल.

ऑर्विल सकाळी आठला बोटीखाली शिरला तो दुपारी बाहेर आला. डॅरेल उतारावर उभा होता. मीही होते, कारण थंडीने त्याची बोटं आखडायची आणि टिपणं मलाच उतरवावी लागायची.

"काय मामा?" डॅरेलने विचारलं.

"उद्या बघतो," ऑर्विल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शिरला. या वेळी सरळ उजव्या बाजूला, कण्यापासून चौथ्या फळीपाशी, इंजिन बसतं त्याच्याखाली. तिथे तीनदा ठोकलं, थांबला, पुन्हा ठोकलं. सुरीचं टोक लावलं, पण टोक आत जाईना. वरून लाकूड कडक होतं. बाहेर आला तेव्हा डॅरेल वाटेतच उभा होता. ऑर्विल त्याच्या शेजारून घरी निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं की 'मर्ना के.'चा रकाना रिकामा आहे.

पिंजरे टाकायच्या दिवसाला आठ दिवस राहिले होते. तो दिवस चुकला तर काय होतं ते इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. हंगामातली अर्धी शेवंडं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लागतात. शिवाय तोवर चांगल्या जागा बाकीच्यांनी अडवलेल्या असतात. ती फळी बदलायची तर इंजिन उचलायला हवं, म्हणजे पंधरा दिवस गेले. ऑर्विल 'नाही' म्हणाला असता तर डॅरेलचा हिवाळा बुडाला असता. 'हो' म्हणाला असता तर... ते कुणी बोलत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणि ऑर्विल ना हो म्हणत होता, ना नाही. एवढ्या वर्षांत मी त्याला असा कधीच पाहिला नव्हता, आणि मला त्याचा रागही यायला लागला होता.

व्हर्नाने आपल्या पद्धतीने नाक दाबून पाहिलं. गुरुवारी तिच्याकडे आंबवलेला कोबी आणि सॉसेज असायचं, ऑर्विलचा जीव की प्राण. त्या गुरुवारी तिने त्याच्यापुढे कोरडा पाव ठेवला.

"हो म्हण नाहीतर नाही म्हण," ती म्हणाली. मी अहवालाचे कागद घेऊन दारातच उभी होते. "तोंडात काय मिठाचा खडा धरलायस? माझा पोरगा रात्रंदिवस पिंजरे दुरुस्त करतोय, आणि तू मख्खासारखा बसलायस."

ऑर्विलने पाव खाल्ला.

"कान गेलाय का तुझा?" व्हर्नाने विचारलं. "खरं सांग. परवा मी तीनदा हाक मारली तेव्हा तू वळलास."

तो उठून बाहेर गेला.

शुक्रवारी दुपारी ऑर्विल माझ्याकडे आला. बगलेत गोणपाटाचं गाठोडं. त्यातून त्याने लाकडाचे सात तुकडे काढून टेबलावर मांडले. प्रत्येकाच्या मागे खडूने धड की कुजका ते लिहिलं होतं. "काही धड आहेत, काही कुजके," तो म्हणाला. "मी भिंतीकडे बघतो. तू ठोक." आणि हातोडी माझ्या हातात दिली.

मी दार लावलं, रेडिओ बंद केला. तो पाठमोरा बसला. टोपी नेहमीसारखी गुडघ्यावर, पण या वेळी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी पहिला तुकडा ठोकला.

"धड."

मागे बघितलं. धड होता. दुसरा ठोकला, तोही बरोबर आला. तिसऱ्याला तो थांबला. "पुन्हा." मी पुन्हा ठोकलं. "धड." तो तुकडा मी अंगठ्याने दाबला तर भुसा निघाला. मी तो बाजूला ठेवला. चौथा चुकला. पाचवा बरोबर. सहाव्याला त्याने चारदा ठोकायला लावलं आणि चारही वेळा मान थोडी उजवीकडे वळवली, म्हणजे डाव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. सहावा चुकला. सातवा बरोबर आला, पण तोवर त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

"किती?"

"चार," मी म्हटलं. "सातातले चार."

"नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते," तो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने तुकडे गाठोड्यात भरले, हातोडी मात्र टेबलावरच ठेवली. "राहू दे तुझ्याकडे."

"ऑर्विल, चहा तरी घ्या."

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

मी सांगितलं. तेही दुसऱ्याच दिवशी, आणि ते का सांगितलं याची मी नंतर स्वतःला बरीच कारणं दिली. व्हर्ना माझ्या दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिने टेबलावरची हातोडी पाहिली आणि विचारलं, "ही इथे कशी?" मला वाटलं, त्यांच्या घरात सात दिवस जे चाललंय ते एकदाचं संपेल. एका म्हाताऱ्याच्या कानापायी पोराचा हंगाम का बुडावा? मी सातातले चार सांगून टाकले. व्हर्ना माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "देवा, म्हणजे बोटीला काही झालेलं नाही."

डॅरेलने त्याच दुपारी शहराकडचा तपासनीस बोलावला. पाऊण तासात काम उरकून तो पाचच्या आत परत गेलासुद्धा. जाताना कागद देऊन गेला. शेवटच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'साऊंड'. त्या गृहस्थाने काही लबाडी केली असं माझं म्हणणं नाही. त्याने फळ्या पाहिल्या, सुरी लावून पाहिली. त्याने बोटीवर बसण्याचा प्रश्नच नव्हता, एवढंच. तो दीडशे मैलांवर राहत होता.

कागद टेबलावर ठेवला तेव्हा ऑर्विल जेवत होता, असं व्हर्नाने नंतर सांगितलं. त्याने तो शब्द वाचला. मग विचारलं, "टिपने सांगितलं?" आणि व्हर्ना हो म्हणाल्यावर ताट पुढे सरकवून वर निघून गेला. रविवारी तो चर्चलाही आला नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला सगळं गाव धक्क्यावर होतं. नुकतं फटफटत होतं. वारा वायव्येचा, बोचरा. पिंजऱ्यांच्या चळती बोटींवर इतक्या चढल्या होत्या की मागून सुकाणूवरचा माणूस दिसत नव्हता. 'मर्ना के.' तिसऱ्या क्रमांकावर होती. ती जरा जास्तच खाली बसलीय असं मला वाटलं, पण पिंजरे भरलेले असताना सगळ्याच बोटी खाली बसतात. पाद्री प्रार्थना म्हणत होते. व्हर्नाने माझा दंड धरला होता. माझ्या कोटाच्या खिशात ऑर्विलची हातोडी होती. का घेतली होती, तेव्हा मला सांगता आलं नसतं. घरात टेबलावर ती नजरेसमोर नको झाली होती, हे खरं.

गर्दी बाजूला झाली आणि ऑर्विल आला. पिवळा रेनकोट, गुडघ्याच्या वरपर्यंत रबरी बूट. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि नुसता हात पुढे केला. मी खिशातून हातोडी काढून त्याच्या हातात ठेवली. माझी मान वर होत नव्हती.

तो 'मर्ना के.'च्या शिडीकडे वळला तसा डॅरेल वरून ओरडला, "मामा, तुम्ही कशाला? तुम्ही म्हटलेलंच नाही. तुम्हाला यायची गरज नाही."

ऑर्विल शिडीवर थांबला. "नाही असंही म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "आठ दिवस मी गप्प बसलो, डॅरेल. गप्प बसणाऱ्यालाही बसावंच लागतं."

दहापेक्षा जास्त शब्द ऐकण्याची ती पहिली वेळ.

"ऑर्विल!" व्हर्ना ओरडली. "खाली उतर. तुझं वय काय, थंडी काय!"

डावा कान आमच्याकडे होता. त्याला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल. तो उतरला नाही. सातला भोंगा झाला आणि बोटी एकामागून एक खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्या.

मासळीवाल्याच्या शेडमध्ये रेडिओ होता. आम्ही बायका शेगडीभोवती बसलो. रेडिओवर पुरुषांची नेहमीची टवाळी चालली होती, कोण कुणाच्या जागेत घुसतोय, कुणाच्या डोक्यात रम गेलीय. मग डॅरेलचा आवाज आला, हसरा. "मामा खाली इंजिनाशेजारी घुसलाय. आतल्या फळ्या उचकटतोय. माझी बोट मोडून मला घरी नेणार बहुतेक."

कुणीतरी म्हणालं, "त्याला ऐकू काय येणार त्या इंजिनात?"

"त्याला असंही येत नाहीच," डॅरेल म्हणाला, आणि सगळे हसले. शेडमध्येही दोघीतिघी हसल्या. व्हर्ना हसली नाही. मी हातातला कप खाली ठेवला.

त्यानंतर 'मर्ना के.'वरून काही आलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दुसऱ्या बोटी बोलत होत्या, तिचा पत्ता नाही. व्हर्ना उठली, माइक हातात घेतला, पुन्हा ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले. मी मनात म्हणत होते की सातातले चार, सातातले चार, म्हणजे बोट ठीक असण्याचीच शक्यता जास्त. हिशेब मलाच पटत नव्हता.

मग डॅरेलचा आवाज आला. आता तो हसत नव्हता.

"मी वळतोय."

"काय झालं? इंजिन?"

"मामा नाही म्हणाला."

मग कुणीतरी म्हणालं, "अरे, पाणी आहे का आत?"

"नाही. थेंब नाही. पण तो नाही म्हणाला. मी पिंजरे इथेच टाकतोय, हलकं करतोय तिला."

"तिथे? तिथे नुसता चिखल आहे, डॅरेल! वेडा झालास का?"

व्हर्नाने तोंडावर हात घेतला होता. वर्षभर खपून बांधलेले अडीचशे पिंजरे तो चिखलात लोटत होता, आणि तेही ज्या माणसाचा कान गेलाय असं त्याच्या आईने नि मी मिळून त्याला पटवून दिलं होतं, त्याच्या एका शब्दावर.

पंचवीस मिनिटांनी रेडिओ पुन्हा वाजला. "फुटली. पाणी येतंय. बरंच येतंय." मागे पंपाचा खडखडाट ऐकू येत होता. "मामा त्यावर पाठ लावून बसलाय. मी खाडीच्या तोंडाशी आहे."

आम्ही सगळ्या धक्क्याच्या टोकाशी धावलो. 'मर्ना के.' दिसत होती, पिंजऱ्यांशिवाय, तरीही नाक वर आणि शेपूट पाण्यात. डॅरेलने तिला धक्क्याकडे आणलंच नाही. सरळ आतल्या वाळूच्या दांड्यावर घातली. धप्पकन बसल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. दोन होड्या लगेच निघाल्या. डॅरेल आणि त्याचा बोटीवरचा साथीदार मिळून खालून काहीतरी वर ओढत होते. तो ऑर्विल होता. अंथरुणाची गादी आणि एक फळी पाठीमागे लावून, इंजिनाला पाय रेटून, तो बर्फासारख्या पाण्यात छातीपर्यंत बसला होता. होडीत घातलं तेव्हा त्याची बोटं हातोडीवरून सोडवावी लागली.

आणखी दोन मैल बाहेर असते तर काय झालं असतं, ते मी सांगायची गरज नाही. त्या दिवशी पाण्यात दहा मिनिटंही कुणी टिकलं नसतं.

ओहोटीला अख्खं गाव दांड्यावर जमलं. चौथी फळी बाहेरून अजूनही गुळगुळीत दिसत होती, फक्त कडेच्या सांध्यात ठासलेला काथ्या निघून हातभर फट पडली होती. डॅरेलने फटीतून सुरी आतल्या बाजूने घातली. मुठीपर्यंत गेली. त्याने ती बाहेर काढली, परत घातली आणि मग तो वाळूतच खाली बसला.

मी संध्याकाळी व्हर्नाकडे गेले. ऑर्विल शेगडीपाशी तीन घोंगड्यांत गुंडाळून बसला होता, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे कापावीच लागली. व्हर्ना त्याला कोबी आणि सॉसेज चमच्याने भरवत होती, आणि तो तक्रार न करता खात होता.

मी म्हटलं, "ऑर्विल, मी सांगायला नको होतं. तुम्ही नको म्हणाला होतात. माझ्यामुळे..."

"बस," तो म्हणाला. व्हर्नाच्या हातातला चमचा त्याने बाजूला केला. "खाली बसून पहिला घाव घातला, टिप, आणि मला हसूच आलं. इंजिन कानाशी धडाडत होतं. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आणि तरी कळलं. मुठीत कळलं. धड लाकूड हातोडी परत फेकतं, कुजकं लाकूड धरून ठेवतं. गेली चार-पाच वर्षं मी हातानेच ऐकत असणार. मलाच माहीत नव्हतं."

दुसरी वेळ ती.

मला ती शुक्रवारची दुपार आठवली. भिंतीकडे तोंड, टोपी घट्ट धरलेले दोन्ही हात, आणि हातोडी माझ्या हातात.

"सातातले चार," ऑर्विल म्हणाला. "ते तुझ्या हाताचे मार्क होते."

त्याने मला माफ केलं की नाही हे त्याने कधी सांगितलं नाही. आठवड्याने टोपी गुडघ्यावर ठेवून परत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, त्यावरून मी समजले. पहिला अहवाल 'मर्ना के.'चा होता. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहायला लावलं. रिकामा रकाना त्याने पुन्हा कधी सोडला नाही. डॅरेलने त्या हिवाळ्यात दुसऱ्यांच्या बोटींवर मजुरी केली आणि वसंतात बारा फळ्या बदलल्या. त्या बारा फळ्या ऑर्विलने दोन दिवस ठोकल्या, मग नुसतं 'साऊंड' म्हणाला, न खाकरता, आणि काठी टेकत शिडी चढला.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो झोपेत गेला. डॉक्टरांनीही तोच शब्द वापरला, झोपेला लावतात तो. डॅरेलने पाइनच्या फळ्यांची पेटी स्वतः बांधली, स्वतः रंधा मारला. व्हर्नाच्या बैठकीत ती दोन खुर्च्यांवर ठेवली होती, झाकण लावून झालं होतं. सहा जण उचलायला उभे होते. तेवढ्यात डॅरेलने खिशातून मामाची हातोडी काढली आणि सवयीने म्हणा की मानाने म्हणा, झाकणाच्या चारी कोपऱ्यांवर हलकेच ठोकली.

ठोकली आणि घोटाळा झाला. ठोकल्यावर काहीतरी म्हणावं लागतं. खोलीतले सगळे वाट बघत राहिले. म्हाताऱ्या कोळ्यांनी टोप्यांकडे बघितलं. नियम सगळ्यांना पाठ होता. जो म्हणेल त्याने बसायचं.

व्हर्ना पुढे आली. त्र्याहत्तर वर्षांची होती तेव्हा. तिने झाकणावर तळहात पसरून ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला.

"साऊंड," ती म्हणाली.

"आई!" डॅरेल म्हणाला. "अगं, काय बोललीस कळतंय का?"

"कळतंय," व्हर्ना म्हणाली. "मागच्या खेपेला मी त्याच्या मागे लागले होते म्हण म्हण म्हणून, आणि जायला तो गेला. आता मी म्हटलंय. उचला. त्याला सांगा, घाई करू नकोस, मी येतेच."